आधी फुलोरा, मग पेटी

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला मधमाशीपालनाचा विषय काढला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका पेटीला मध किती निघतो?" प्रश्न रास्तच आहे. चार पैसे गुंतवायचे तर उत्पन्न विचारायला नको? पण या प्रश्नाचे किलोत उत्तर देणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. सातेरी या आपल्या देशी माशीची पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, असे सांगतात आणि ते खोटे नाही. मात्र तो आकडा पेटीचा नसतो, पेटीभोवतीच्या किलोमीटर-दीड किलोमीटर मुलखाचा असतो. पेटी तीच, जातही तीच, सांभाळणारा माणूसही तोच. तरी महाबळेश्वरच्या रानात हिशेब एक येतो आणि लोणंदच्या माळावर दुसरा. पेटी पैसे टाकले की मिळते. फुलोरा असा मिळत नाही. पुढच्या प्रकरणांचा सारा खटाटोप ही एवढी एक गोष्ट पटवून देण्यासाठी आहे.

सातारा जिल्ह्यात मधाचे नाव काढले की बोट आपसूक पश्चिमेकडे जाते. महाबळेश्वरला गेलेला माणूस चणे, जेली आणि मधाची बाटली घेतल्याशिवाय घाट उतरत नाही. त्या बाटलीमागे मोठा इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग यंत्रणेने या पठारावर पेटीतल्या मधमाश्यांचे काम हाती घेतले. डॉ. जी. बी. देवडीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी इथल्या माशीचा आणि तिला पोसणाऱ्या झाडाझुडपांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली. मधपाळांची सहकारी सोसायटी महाबळेश्वरात आहे, आणि राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालयही मुंबईत नव्हे, तिथेच आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातील पाटगावाने तीच वाट धरली.

मांघरचे नाव वर्तमानपत्रांत झळकले आणि खाली देशावरच्या गावांतून एकच सूर निघाला : त्यांना जमते, मग आपल्याला का नाही? योजना आहे, निम्मे अनुदान आहे, प्रशिक्षण आहे. पेट्या येतात, विहिरीजवळ नाहीतर कडुलिंबाखाली मांडल्या जातात, नारळ फुटतो, फोटो निघतो. काही महिन्यांनी झाकण उघडावे तर आत माशी नाही. पोळ्यांवर मेणकिड्याने जाळी विणलेली, तळाशी काळा भुसा. "माश्या गेल्या," एवढाच मग शेरा. दोष कधी माशीला, कधी पेटी देणाऱ्याला, कधी नशिबाला. त्या शिवारात जून-जुलैत माशीने काय खायचे होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

मांघरला जे जमले ते पेटीमुळे जमले नाही. गावाभोवतीचे रान शाबूत होते म्हणून जमले. घाटमाथ्यावर हिवाळा सरता सरता एकामागून एक झाड फुलते. पिसा, गेळा, अंजनी, जांभूळ, हिरडा : एकाचा बहर ओसरतो तोवर दुसऱ्याचा भरात येतो, आणि माशीला सलग काम मिळते. जांभळाचा मध गडद आणि जिभेवर किंचित कडवट. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा आणखी वेगळा. कारवीची तर बातच निराळी. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, पण फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्या वर्षीचा मध पुन्हा चाखायचा तर पोराची शाळा अर्धी संपायची वाट पाहावी लागते. असा माल कारखान्यात ठरवून काढता येत नाही, आणि दरवर्षी एकाच चवीचा द्यायचे वचनही कोणी देऊ नये.

घाटमाथ्याचे हे पठार मधमाशीच्या दृष्टीने एक बेटच आहे. खालचा तापलेला मुलूख तिच्यासाठी परका. जगात खरीखुरी बेटेही या धंद्यात नावाजलेली आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर १८८० च्या दशकात इटलीतल्या लिग्युरिया भागातल्या माश्या नेल्या आणि १८८५ मध्ये कायदा करून त्या बेटाला अभय दिले. बाहेरची माशी आत आणायची नाही. चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे तो वाण शुद्ध राहिला, रोगांनाही बांध बसला. पण समुद्र आगीला अडवू शकला नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात वणव्याने जवळजवळ निम्मे बेट जळाले. कितीतरी पेट्या गेल्या, आणि उरल्या त्यांच्या वाट्याची झाडेही गेली. वाण कितीही शुद्ध असो, रान गेले की मधपाळाच्या हातात लाकडी खोके राहते. मांघरकरांना हे सांगावे लागत नाही. आपल्याला सांगावे लागते, कारण आपल्याकडे आधी खोके येते.

खोक्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण त्यात अक्कल आहे. पूर्वी मध म्हणजे मोहोळ झाडणे. धुरी द्यायची, पोळे कापायचे, पिळायचे. मधाबरोबर अळ्या, पराग, मेण सगळे एकत्र, आणि माशीचे घर उद्ध्वस्त. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या लक्षात आले की, दोन पोळ्यांमध्ये माशी एका ठरावीक रुंदीची फट मोकळी ठेवते. ती मेणाने बुजवत नाही, त्यात नवे पोळेही बांधत नाही. चौकटी तेवढ्या अंतरावर टांगल्या की हव्या तेव्हा उचलता येतात. पोळे न मोडता मध काढायची सोय त्यातून झाली. आपली सातेरी युरोपीय माशीहून लहान, म्हणून तिची पेटीही लहान. दक्षिण भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर न्यूटन यांनी सातेरीसाठी पेटी बेतली, तिचे नाव अजून चालते.

अशी एक पेटी सकाळी उन्हे वर आल्यावर उघडावी. धुरांड्याचे दोन झोत, मग झाकण. वरच्या मधकोठीतली चौकट हळू उचलली तर हाताला वजन जाणवते. भरलेल्या कप्प्यांवर पांढुरके मेणाचे पापुद्रे चढलेले असतात. हा पापुद्रा म्हणजे माशीची सही. फुलातून आणलेला रस पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, आपल्या ग्रंथींतला पाचक रस त्यात मिसळतात, कप्प्यात पसरवतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालतात. पाणी उडून रस दाट झाला की मगच कप्पा बंद होतो. खालच्या पिल्लाकोठीत चित्र वेगळे. मधोमध अंडी-अळ्या, त्यांच्याभोवती परागाचा पिवळा-केशरी-राखी पट्टा, कडेला थोडा मध. तो पराग नीट पाहिला की गेल्या आठवड्यात शिवारात काय फुलले होते ते कळते. पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले नसतील तर मुंगळ्यांची रांगही दिसेल. सातेरी पळून जाते ती बहुधा यातल्याच एखाद्या कारणाने : उपासमार, मुंगळे, मेणकिडा, ऊन. ती लहरी नाही. तिला राहणे परवडत नाही म्हणून ती जाते.

सातेरीखेरीज आपल्या मुलखात आणखी माश्या आहेत. कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली, उंच झाडाच्या फांदीला एकच मोठे उघडे पोळे लटकवते ती आग्या. तिला पेटीत घालता येत नाही आणि डिवचता तर मुळीच येत नाही. झुडपात तळहाताएवढे पोळे बांधते ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली, मुंगीएवढी ती पोया. १९६० च्या दशकात पंजाबकडे युरोपातली मेलिफेरा रुजली. ती मध जास्त देते, पण तिचे पोटही मोठे. तिला सलग, दांडगा फुलोरा लागतो, नाहीतर ट्रकात घालून मोहरीमागे, सूर्यफुलामागे हिंडवावे लागते. उलट सातेरीला थोडक्यात भागवता येते. व्हरोआ हा गोचिडासारखा परजीवी मुळात तिच्याच अंगावरचा. तिने त्याच्याशी जमवून घेतले, मेलिफेराला मात्र त्याने जगभर जेरीस आणले. म्हणून सातेरी अजिंक्य आहे असे नव्हे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतात तिच्या वसाहतींचा फडशा पाडला होता.

आता मधाकडे येऊ. लोकांच्या मनात मधाविषयी जेवढे प्रेम आहे तेवढाच संशयही आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने बाजारातल्या १३ ब्रँडचे नमुने तपासले. एनएमआर या कसोटीवर त्यांतले १० नापास झाले. साखरेच्या पाकाची भेसळ ठरीव तपासण्यांना चकवेल अशी केली जाते, हे त्यातून चव्हाट्यावर आले. जी भेसळ प्रयोगशाळेला चकवते ती घरच्या ग्लासभर पाण्याला काय ऐकणार! मध पाण्यात तळाशी बसतो, काडीला लावून पेटतो, कुत्रे हुंगत नाही, असल्या परीक्षांवर अवलंबून राहू नये. हिवाळ्यात मध रवाळ झाला म्हणजे त्यात साखर घातली, हाही गैरसमजच. ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मध लवकर दाणे धरतो. भांडे कोमट पाण्यात ठेवले की तो पुन्हा पातळ होतो, थेट विस्तवावर मात्र ठेवू नये. आणि एक गोष्ट आजीबाईंची माफी मागून : वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेला मध लावू नये. अस्सल मधातही बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या आतड्याला ते झेपत नाहीत.

पारख करायचीच असेल तर दोन प्रश्न विचारावेत. मध कोणत्या फुलोऱ्याचा, आणि चौकट किती मोहोरबंद झाल्यावर काढला? देशातल्या मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त असू नये. घाई करून, कप्पे बंद होण्याआधी काढलेला मध पातळ राहतो आणि आंबतो. घाटमाथ्यावर ही मोठीच अडचण, कारण हवेतच ओल. पाऊस उंबऱ्याशी येतो आणि मधपाळाची धांदल उडते. इथे खंडाळ्याचे पारडे जड आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत इथली हवा कोरडी ठणठणीत. मध थोडा निघेल, पण दाट निघेल. शिरवळ-खंडाळ्याहून पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. ज्याच्याकडे दहा पेट्या आहेत त्याने महाबळेश्वरच्या बाटलीची नक्कल करू नये. 'कांदा-धण्याचा, मार्चमधला' असे स्वतःचे लेबल लावून तो विकावा. बाटलीबाटलीत रंगाचा फरक पडला तर तो लपवू नये, सांगावा.

मात्र खंडाळ्यात माशी ठेवायचे सर्वांत मोठे कारण मध नाही, कांदा आहे. लोणंदचा कांदाबाजार सगळ्यांना ठाऊक. त्या कांद्याचे बी कुठून येते याचा विचार फार थोडे करतात. बियाण्यासाठी लावलेला कांदा फेब्रुवारीच्या सुमारास गोंडे धरतो. एका गोंड्यात बारीक पांढरी फुले शेकड्याने. जवळ डोळे नेले तर दिसते की, फुलातले पराग आधी मोकळे होतात, आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलाचा कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याच्या हातचे हे काम नव्हे. माशी आली नाही तर गोंडा दिसायला डौलदार आणि चोळला की पोकळ. म्हणून काही शेतकरी सकाळी गोंड्यांवरून तळहात नाहीतर मऊ फडके फिरवतात. एकरभर गोंड्यांवर रोजची ही मजुरी धरा, आणि मग पेटीचा हिशेब करा.

यातही मेख आहे. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असते आणि माशीला तो तितकासा गोड लागत नाही. शेजारी धणे फुलले असतील तर ती कांदा सोडून तिकडे जाते. म्हणून पेट्या फार आधी आणून ठेवायच्या नाहीत. थोडा फुलोरा उमलल्यावर आणायच्या, म्हणजे दुसरीकडची चटक लागण्याआधी ती समोरच्या कामाला लागते. दुसरी मेख शेजाऱ्याची. प्रमाणित बियाण्यासाठी कांद्याच्या दोन वाणांत किमान ५०० मीटर अंतर लागते. माशी सात-बारा पाहत नाही. तुमच्या शेतातला पराग शेजारच्या वाणावर आणि त्याचा तुमच्यावर. तिसरी मेख फवारणीची. फुलकिड्यांसाठी दुपारी मारलेले औषध त्याच वेळी फुलावर असलेल्या माशीलाही मारते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांवर उघड्या शेतात बंदी घातली ती अशाच अनुभवांतून. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, टळतच नसेल तर सूर्य मावळताना करावी, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करावा. म्हणजेच माशी पाळणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही, बांधाला बांध असलेल्या सगळ्यांचे आहे.

मग खंडाळ्यात फुलोरा आहे तरी किती? वाटतो त्यापेक्षा जास्त, पण तुटक. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खंबाटकी उतरून नीरेकडे येईतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तरी ऑगस्ट-सप्टेंबरात बाजरी पराग देते. घाटमाथ्यावर धो धो कोसळत असते आणि माशी पेटीत कोंडून पाकावर जगत असते, तेव्हा इथे उघडीप असते. पुढे बोर, तीळ, कारळा, तूर, थंडीत धणे, मग कांद्याचे गोंडे, पळस, शेवगा, कडुलिंब, करंज, चिंच. अडचण आहे ती मे सरल्यापासून बाजरी निसवेपर्यंतची. ही खिंड ओलांडता आली तर सातेरी इथे टिकते.

आणि नेमकी हीच खिंड आपण रुंद करत चाललो आहोत. कालव्याचे पाणी आले, शिवार हिरवे झाले, याचा आनंद कोणाला नाही? पण त्या हिरव्यात ऊस वाढला. ऊस फुलोऱ्याआधीच तोडायचा आणि तुरा आला तरी त्यात माशीला काही नाही. तिच्या दृष्टीने तो ओसाड माळच. जेसीबीने बांध कोरले गेले, बांधावरच्या बाभळी-बोरी गेल्या. मिश्र पिकांत तीळ-कारळ्याचे दोन तास असायचे, तेही गेले. सांगलीच्या पूर्वेकडे आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांना आज माशीची किंमत कळते आहे. आपल्याला कळायला बी न धरलेले गोंडे पुरेसे व्हावेत.

पुढील प्रकरणे या क्रमाने लावली आहेत. पहिल्या भागात पेटी नाहीच. घाटमाथा आणि देश या दोन्हींचे फुलोऱ्याचे पंचांग आहे. दुसऱ्या भागात माशीची ओळख, तिचे घर, तिचे रोग. तिसऱ्यात पेटीचे रोजचे काम, मध काढणे, गाळणे, बाटलीत भरणे, विकणे. शेवटचा भाग परागीभवनाचा, त्यात कांदा आणि डाळिंब विस्ताराने घेतले आहे. 'वर्षात लखपती' छापाची गणिते इथे सापडणार नाहीत. ज्या मधपाळांनी पेट्या उघडून दाखवल्या, ज्या शेतकऱ्यांनी गोंड्यांत उभे राहून खरे काय ते सांगितले, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेने छापलेली नाहीत.

वाचकाला एकच विनंती. अनुदानाचा अर्ज भरण्याआधी एक साधी वही करावी आणि वर्षभर, आठवड्यातून एकदा, आपल्या शिवारात काय फुलले ते तारखेनिशी लिहावे. कोणत्या फुलावर माशी दिसली, किती वाजता, तेही टिपावे. वर्ष संपले की वहीतली कोरी पाने मोजावीत. दोन-तीनच असतील तर खुशाल पेटी आणा. सलग सात-आठ कोरी निघाली तर त्या वर्षी पेटीचे पैसे बांधावर घाला : शेवगा, बोर, करंज लावा, कडेला तिळाचे चार तास पेरा. पेटी एक-दोन वर्षांनी आणली तरी चालते. सातेरीला राहावेसे वाटेल असा बांध मात्र येत्या पावसातच लावायला घेतला पाहिजे.